रत्नाचे चार रुमाल

गुंजवण्याच्या वरच्या अंगाला उंबरधार नावाची नऊ घरांची वस्ती आहे. माझी शाळा खालच्या गावात. भोरहून रोज सकाळची एसटी, चेलाडी फाट्याला गाडी बदलायची, मार्गासनीला उतरून मिळेल त्या जीपने शाळा गाठायची, एवढ्यानेच माणूस अर्धा होतो. त्यावर महिन्यातून एकदा शाळा सुटल्यावर चाळीस मिनिटं डोंगर चढून उंबरधारला जायचं. तेहतीस वर्षं नोकरी झाली, निवृत्तीला चौदा महिने उरले आणि या वयात मला डोंगर चढायला लावणारी बाई म्हणजे रत्ना. तिचा काही दोष नाही हे मला माहीत होतं. पण चढताना मी तिच्यावरच चिडायचे, कारण चिडायला दुसरं कोणी सापडायचं नाही.

उंबरधारला पूर्वी एकशिक्षकी शाळा होती. मुलं कमी होत होत चारवर आली आणि शाळेला कुलूप लागलं. चौघांची नावं माझ्या शाळेच्या पटावर चढली. त्यांना आणायला एक जीप ठरली. ती आठवड्यातून तीन दिवस यायची, मग एक दिवस, मग जीपवाल्याने फोन उचलणंच सोडलं. मधल्या ओढ्याला दिवाळीपर्यंत पाणी असतं. पहिल्याच पावसाळ्यात रत्ना गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली शाळेत आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"बाई, पुस्तकं द्या. म्या घरीच शिकवते चौघांना."

"किती दिवस?"

"वाट सुदरंपर्यंत."

मी म्हटलं, दिवाळीपर्यंत शिकव. त्या दिवाळीनंतर अजून एक दिवाळी झाली, वाट काही सुधारली नाही. कागदावर मुलं माझ्या शाळेत आणि प्रत्यक्षात रत्नाच्या ओट्यावर, असं दोन वर्षं चाललं. वरच्या साहेबांना माहीत होतं. ते म्हणायचे, शैलजाबाई, तुम्ही लक्ष ठेवा. म्हणून मी डोंगर चढत होते.

रत्ना दहावी पास. बासष्ट टक्के, हे ती कुणी न विचारता सांगते. नवरा कुमार पुण्यात टेम्पो चालवतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. चार मुलांपैकी दोन तिची, सातवीतली श्रावणी आणि दुसरीतला गेनू. दोन धाकट्या दिराची, सातवीतली सोनिया आणि चौथीतला धनाजी. दीर आणि जाऊ पानशेतला धरणाकाठच्या हॉटेलात कामाला आहेत. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं येतात, त्यांच्यासाठी जाऊ चुलीवरच्या भाकरी थापते. पोरांना तिथं ठेवायला जागा नाही. सोनिया पाच वर्षांची असल्यापासून रत्नाकडेच आहे आणि तिला मोठी आई म्हणते.

या सोनियाबद्दल रत्नाच्या मनात एक धास्ती कायमची बसलेली. जावेच्या लेकीत आणि आपल्या लेकीत आपण फरक केला असं कुणाच्या तोंडून येऊ नये. दोघींना फ्रॉक एकाच कापडाचे. तेल एकाच वाटीतलं. दुधाचा पेला सोनियाला आधी. मला चहा देतानासुद्धा ती एकदा तरी सांगायचीच, "माज्यापाशी दोगी सारख्याच हायेत, बाई." मी हो हो म्हणायचे. माझं लक्ष अंधार पडायच्या आत खाली उतरण्याकडे असायचं.

सुरुवातीचे तीन महिने त्या घरात नुसता गोंधळ होता. दोन खोल्या, एक म्हैस, भाताची खाचरं आणि तीन इयत्तांची चार मुलं. श्रावणीचं विज्ञानाचं पुस्तक तांदळाच्या डब्यात सापडायचं. गेनूने बाराखडीच्या तक्त्याने चूल पेटवली होती. धनाजी गणित करायला बसला की कंपासपेटी सोनियाकडे असायची आणि सोनिया मराठी लिहायला बसली की पेन धनाजीने कानात घातलेलं असायचं. रत्ना एका हाताने भाकरी थापत दुसऱ्या हाताने पाढे म्हणवून घ्यायची. मी गेले की ती म्हणायची, "शिकिवनं जड न्हाई, बाई. हुडकनं जड हाय. दिस समदा हुडकन्यात जातो."

यातून तिला सोडवलं तिच्या सासऱ्यांनी. रखमाजी म्हणजे भोरच्या कचेरीतले जुने दप्तरबंद. जुनी कागदपत्रं कापडात बांधून, वर चिठ्ठी लावून फडताळात ठेवायची आणि साहेबाने मागितली की दोन मिनिटांत काढून द्यायची, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. अशा बांधलेल्या गठ्ठ्याला कचेरीत रुमाल म्हणतात. म्हाताऱ्याने एक दिवस हे सगळं बघितलं, जुनं तांबडं लुगडं मागून घेतलं, त्याचे चार चौकोन फाडले आणि चार रुमाल बांधून दिले. एक मराठीचा, एक गणिताचा, एक इंग्रजीचा आणि चौथा बाकी सगळ्याचा. सगळ्या इयत्तांची त्या विषयाची पुस्तकं, वह्या, तक्ते एकाच रुमालात. कायदा एकच, की एका वेळी एकच रुमाल सुटायचा. तो बांधून फळीवर गेल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

मी तेव्हा विचारलं होतं, "आबा, मुलामुलाचा वेगळा गठ्ठा नको का?"

म्हातारा हसला. "बाई, कचेरीत मानसाच्या नावानं रुमाल नसतोय. मानूस मरतो, बदलतो, घर सोडून जातो. ईषय ऱ्हातो. ईषयवारच बांदायचं असतंय."

एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला मी काय शिकवणार? आणि खरं सांगायचं तर घराला वळण लागलं. सकाळी गणित सुटायचं, चारही पोरं गणितच करायची, आपापल्या इयत्तेचं. मग गाठ, मग मराठी. वह्या वाचवायला त्यांनी आणखी एक युक्ती काढली. पुढून मोठ्याने लिहायचं, वही उलटी करून मागून धाकट्याने. दोघं मधे भेटले की वही संपली. रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या आत प्रत्येक रुमालावर त्या दिवसाची चिठ्ठी लागायची, तारीख आणि आत काय काय आहे त्याची यादी. ती यादी लिहायची आणि गाठ मारायची सोनिया. म्हाताऱ्याने तिला दप्तरबंदाची गाठ शिकवली होती. एक टोक ओढलं की सुटते, एरवी बैलाने ओढली तरी हलत नाही. रखमाजी कौतुकाने म्हणायचे, "ही पोरगी कचेरीत शोबली असती."

मी महिन्याने जायचे, ओट्यावर टेकायचे, पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे. रत्ना चारही रुमाल समोर आणून ठेवायची. मी एखादा उचलून बघायचे. चांगले जड असायचे. वरची चिठ्ठी वाचायचे, एखादी वही चाळायचे, गेनूला पाढा विचारायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे, काम समाधानकारक. दोन वर्षांत असं मी वीसेक वेळा लिहिलं. ते आज आठवलं की स्वतःच्या अक्षराचा राग येतो.

यंदा मार्चमध्ये भोरच्या मुलींच्या वसतिगृहात आठवीसाठी जागा निघाल्या. श्रावणी आणि सोनिया दोघींना मिळण्यासारख्या होत्या. तिथल्या बाईंनी अट मात्र घातली. या मुली दोन वर्षं वर्गात बसलेल्या नाहीत, तेव्हा प्रत्येकीची वर्षभराच्या कामाची स्वतंत्र संचिका दाखवा. एप्रिलच्या तीस तारखेपर्यंत. संचिका भरली तर जागा, नाहीतर नाही. मी रत्नाला फोन केला. तिला काही काळजी वाटली नाही. "हाय की, बाई, समदं हाय. निस्तं येगळं करायचं."

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मी सकाळीच वर गेले. वह्या पाठपोट लिहिलेल्या, एकाच वहीत पुढून श्रावणी आणि मागून धनाजी. शिवण उसवल्याशिवाय पानं वेगळी होत नव्हती. रत्नाने अंगणात भात वाळवायची ताडपत्री अंथरली. आम्ही दोघी दोन सुऱ्या घेऊन बसलो. ती दोरा कापायची, मी जोडपान मधोमध कापून, वरचं नाव बघून ढिगात टाकायचे. चार मुलांचे चार ढीग. वारा सुटला होता म्हणून प्रत्येक ढिगावर दगड. ऊन चढत गेलं तशी माझी कंबर बोलायला लागली. रत्ना तर पहाटे चारची उठलेली, धार काढून, शेण काढून बसलेली. मधेच डोळा लागायचा तिचा, हातातली सुरी थांबायची आणि ती दचकून पुन्हा कापायला लागायची.

बारा वाजता तिसरा रुमाल संपला. मी पाठ सरळ करायला उभी राहिले आणि वरून ते ढीग पाहिले.

श्रावणीच्या ढिगावरचा दगड वीतभर उंचीवर होता. धनाजीचा त्याच्या निम्मा. गेनूचासुद्धा बरा होता, त्याचं अक्षर मोठं. सोनियाच्या ढिगावरचा दगड जवळजवळ ताडपत्रीला टेकला होता.

मला वाटलं तिची पानं चुकून श्रावणीकडे गेली असतील. मी खाली बसून सगळा ढीग पुन्हा तपासला. नाही गेली. सोनियाची गणितं सुरू व्हायची आणि तिसऱ्या-चौथ्या उदाहरणाला तुटायची. निबंधाच्या सात ओळी. पुढे पान कोरं. जूनमधली पानं बरी होती, दिवाळीनंतर दोन दिवसांत एक, जानेवारीत आठवड्याला एक. चौथा रुमाल उघडला, त्यातही तेच. विषयवार बांधलेल्या त्या जाड गठ्ठ्यांत एक पोर हळूहळू नाहीशी होत होती आणि वर चिठ्ठी तिच्याच हाताची होती.

"रत्ना, हे बघ."

तिने बघितलं. मग सोनियाला हाक मारली. पोरगी कमरेला ओढणी खोचून आली, हात राखेने माखलेले. भांडी घासत होती.

"सोने, तुजी पानं कुटं हायेत?"

सोनिया ढिगाकडे बघून म्हणाली, "एवडीच हायेत, मोठी आई."

"लिवली का न्हाईस?"

"लिवाय बसले की तू हाक मारायचीस." मग तिला वाटलं आपण तक्रार केल्यासारखं झालं, म्हणून घाईने म्हणाली, "तू न्हाई, म्हंजी म्हस वरडायची, न्हाईतर गेनू रडायचा, न्हाईतर दूद उतू जायचं. मीच उटायचे. श्रावूला कळत न्हाई दूद कदी वर येतंय."

आणि ती पुन्हा भांडी घासायला गेली.

रत्ना ताडपत्रीवर तशीच बसली होती. माझ्या ओठांवर आलं होतं की, बाई गं, दोघी सारख्या म्हणत होतीस ना? नशीब, बोलले नाही. कारण तिने स्वतःच तोंड उघडलं.

"म्या कदी तिला काम सांगितलं न्हाई, बाई. देवाशपत. ती आपनहून उटायची." मग म्हणाली, "पर 'बस' बी म्हनले न्हाई. मला बरं वाटायचं. कुनीतरी उटतंय, मला उटाय लागत न्हाई. लई दमलेली असायची म्या."

मग ती रडली. मोठ्याने नाही, नाक ओढत, पदराने डोळे पुसत, आणि रडता रडता सुरीने पुढच्या वहीचा दोरा कापत. मी तरी काय वेगळं केलं होतं? मीही दमलेलीच यायचे, रुमाल जड आहे का एवढं बघायचे आणि सही ठोकून उतरणीला लागायचे. आम्ही दोघी दमलेल्या बायका आणि आमच्या दमण्याचा सगळा भार त्या बारा वर्षांच्या पोरीने उचलला होता.

रखमाजी ओट्यावरून सगळं ऐकत होते. म्हातारा काठी टेकत खाली आला. सोनियाचा तो बारका ढीग उचलून त्याने हातावर तोलला आणि जागेवर ठेवून दिला. "माजं चुकलं," एवढंच म्हणाला.

तीस तारखेला तीन आठवडे होते. मी रत्नाला म्हटलं, मागचं खोटं भरून देणार नाही मी. पण वर्षाचा अभ्यास सोनियाने आता करून दिला तर तो तिचाच. त्याच दिवशी रुमाल सुटले आणि मुलांच्या नावाने चार नवे बांधले गेले. सोनियाचा हातात धरला तर वाऱ्याने उडेल इतका हलका.

पुढच्या रविवारी मी पुन्हा चढले. ठरलेली फेरी नव्हती. नऊ वाजले असतील. सोनिया ओट्यावर भिंतीला टेकून गणितं करत होती, तिच्याजवळ श्रावणी बसून वाचत होती. रत्ना आत भाकरी थापत होती. डोळे लाल, केस विंचरलेले नव्हते. आठ दिवसांत बाई उतरली होती. म्हशीचं, पाण्याचं, गेनूचं, सगळं तिच्या एकटीवर आलं होतं. बाहेर ओट्याबाजूच्या चुलीवर दुधाचं पातेलं होतं. सकाळची सगळी धार त्यात होती.

दूध वर यायला लागलं तसं ते सोनियाने आधी ओळखलं. तिचं पेन थांबलं. ती उठायला लागली.

रत्नाने आतून बघितलं. ती पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली, सोनियाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तिला खाली बसवलं.

"मोठी आई, दूद..."

"जाऊ दे."

"अगं समदं जाईल!"

"जाऊ दे म्हनते ना. तू लिव."

दूध उतू गेलं. चुलीत चर्र आवाज झाला, करपल्याचा वास ओट्यावर आला. मी बाहेरची, मला उठून पातेलं उतरवता आलं असतं, पण मीही उठले नाही. रत्नाचे हात पोरीच्या खांद्यावरच होते. फ्रॉकवर पिठाचे पंजे उमटले होते. सोनिया रडवेली झाली, मग खाली बघून तिने उदाहरण पुढे सुरू केलं. शेवटी श्रावणी उठली. तिला पातेलं धरता येईना, हात भाजला, ओरडली, पण उतरवलं. मग फडकं घेऊन चूल पुसायला बसली.

एकोणतीस तारखेला मी सोनियाची संचिका वसतिगृहात नेऊन दिली. एकशे बारा पानं. श्रावणीच्या निम्मीही नव्हती. तिथल्या बाईंनी पानांवरच्या तारखा बघितल्या, भुवया चढवल्या आणि म्हणाल्या, "हे बहुतेक सगळं एका महिन्यातलं दिसतंय." मी म्हटलं, हो, एका महिन्यातलंच आहे. का, तेही सांगितलं, माझ्या सह्यांसकट. त्यांनी सोनियाला समोर बसवून तोंडी परीक्षा घेतली, तासभर. जागा मिळाली. श्रावणीलाही मिळाली.

आता दोघी भोरला आहेत. आमचं घर वसतिगृहापासून जवळ, म्हणून रविवारी सकाळीच येतात. मला सवय अशी की गॅसवर दूध ठेवलं की मी बाहेर येऊन कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगते. मागच्या रविवारी श्रावणी माझ्या नवऱ्याबरोबर बाजारात गेली होती. सोनिया पलंगावर पालथी पडून पुस्तक वाचत होती. मी म्हटलं, दुधाकडे बघ गं, आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर अर्धं पातेलं गॅसवर सांडलेलं, घरभर करपट वास, आणि पोरगी पान उलटत होती. मान वर केली नव्हती.

मी गॅस पुसत असतानाच रत्नाचा फोन आला. दर रविवारी येतो. आवाज नेहमीसारखाच थकलेला. आता मदतीला दोन्ही पोरी नाहीत, धनाजी आणि गेनूचा अभ्यास आहेच, म्हातारा अंथरुणाला आहे. तिने आधी सोनियाचंच विचारलं.

"अब्यास करती का, बाई? का तितं बी दुसऱ्याची कामं उरकती?"

"कामं कसली? आज तुझ्या लाडकीने माझं अर्धं पातेलं दूध उतू घालवलं. दारापलीकडेच पुस्तक वाचत पडली होती. कळलंच नाही तिला."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं झालं," रत्ना म्हणाली. "लई बरं झालं, बाई."